देवसूभाऊंचं सर्टिफिकेट

देवसूभाऊ कोवे यांना कोणी हाक मारली नसली, तरी ते ओ देत. तीही घशातल्या घशात नाही. चालता चालता थांबून, मान मागे वळवून, मोठ्यानं "ओ!" मागे बहुतेक वेळा कोणी नसे. ते क्षणभर वाट पाहत, आणि मग मधेच सोडलेलं वाक्य जिथून सोडलं तिथून पुन्हा धरत.

शहरातल्या वाचकाला यात फार तर हसू येईल. आम्हाला येत नसे. आमच्याकडे जंगलाजवळ राहणारा माणूस पहिल्या हाकेला ओ देत नाही. हाक मारणारं माणूस असेल तर दुसऱ्यांदा मारील, तिसऱ्यांदा मारील. माणूस नसेल तर ते एकदाच हाक मारतं, आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं. नागभीडजवळच्या आमच्या गावात माझी आई हे अजून पाळते. बांधावरून मी "आई" म्हटलं तर ती खुशाल धान निंदत राहते. तिसऱ्यांदा ओरडलो की कंबर सरळ करून विचारते, "काऊन कोकलून राह्यला?" अशा आईचा मी मुलगा. न आलेल्या हाकेलाही ओ देणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला तेव्हा माझं काय झालं असेल, ते वाचकांनीच समजून घ्यावं.

मी तेव्हा चंद्रपूरला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. वसतिगृहाच्या मागे टिनाच्या खोलीत देवसूभाऊ एकटे राहत. मूळचे अहेरीकडच्या जंगलातल्या एका गावचे. वय चाळिशीच्या आसपास, दिवसा लाकडाच्या डेपोत काम. सागाचा ओंडका खांद्यावर घेतल्यावरही त्यांचा श्वास वाढत नसे. आम्ही काही मुलं पोलीस आणि वनरक्षक भरतीची तयारी करत होतो, आणि पहाटे आम्हाला पळवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

पळवणारा माणूस पुढे पळतो अशी माझी समजूत होती. देवसूभाऊ सगळ्यांच्या मागे पळत. "म्होरं कोनीबी पळते," ते म्हणत. "मांगं कोन राह्यला ते पाहाले मानूस लागते."

शहर संपून झाडी सुरू होते तिथपर्यंत आमची धाव असे. हिवाळ्यात त्या रस्त्यावर असं धुकं पडे की पुढच्या मुलाची पाठ दिसायची नाही, नुसती पावलं ऐकू यायची. आणि अशात मागून आवाज येई, "ओ!"

आम्ही सगळे एकदम एकमेकांना चिकटायचो. त्या हिवाळ्यात आमचा वेग वाढला, त्याचं श्रेय व्यायामाला किती आणि भीतीला किती, हे मला अजूनही सांगता येत नाही.

"कोन होतं भाऊ?" आमच्यातल्या विलासनं एकदा धापा टाकत विचारलं.

"कोनी नाई."

"मंग ओ काऊन देल्ली?"

"देल्ली तं काय जाते बे? फुकटच तं आहे."

एकदा तर त्यांनी आम्हाला मधेच थांबवलं. "पोट्टेहो, उभे राहा. आवाज नका करू." आम्ही उभे राहिलो. झाडांवरून दव टपकत होतं. देवसूभाऊंनी डोळे मिटून कान दिला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आपन सारे थांबलो. एक जन अजून पळून राह्यला."

मला काही ऐकू आलं असं मी खात्रीनं म्हणणार नाही. नाही आलं, असंही म्हणणार नाही.

"आता?" विलास रडवेला झाला होता.

"आता काय? पळू दे त्याले. त्यालेबी भरती व्हाचं असन."

पुढे आमच्यातली दोन मुलं खरोखरच भरती झाली, आणि देवसूभाऊंचं नाव इरफानभाईंच्या कानावर गेलं. इरफानभाईंनी वडिलांच्या फर्निचरच्या गोदामात नवीन जिम उघडली होती. चारी भिंतींना आरसे होते. देवसूभाऊंनी मला सोबत नेलं आणि दारातच थबकले.

"इथी तं लय लोक आहेत," ते हळूच म्हणाले.

"भाऊ, आपणच आहो सारे. आरसे आहेत."

ते बिचकत आत आले. समोरच्या आरशात मागच्या आरशातला एक माणूस दिसत होता. त्यानं जांभई दिली, आणि देवसूभाऊंनी त्याला ओ दिली. जांभई इरफानभाईंची होती.

इरफानभाई मनानं मोकळे. हसून म्हणाले, "देवसूभाऊ, बॉडी तुमची एक नंबर. पोरंबी तुमचंच नाव घेतात. शाम को दो घंटे या, पार्टटाइम ट्रेनर म्हणून ठेवतो. पण सर्टिफिकेट पाह्यजे. आजकाल गिऱ्हाईक पहिले भिंत पाहते, मंग मास्तर पाहते. दिवाळीपर्यंत जागा खाली ठेवतो."

परतताना देवसूभाऊ रस्ताभर बोलत होते. "सारा जनम लाकडं उचलली. आता मानसं उचलून पाहू." तेवढं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांना ती जागा हवी होती, मनापासून हवी होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. कारण पुढे जे झालं ते तसं वाटत नाही.

कोर्स निवडायचं काम माझ्याकडे आलं. मला इंग्रजी येतं असा त्यांचा समज होता, आणि तो खोडून काढायचा धीर मला झाला नाही. सायबर कॅफेतून काही कागद छापून आणले, काही पोस्टानं मागवले. संध्याकाळी त्यांच्या खोलीत आम्ही बसलो. मी, विलास आणि डिक्शनरी.

पहिला कोर्स मुंबईचा. घरी बसून करायचा. पेपरही घरीच लिहायचा आणि पोस्टात टाकायचा. सर्टिफिकेटला सोनेरी किनार होती.

"हाच घ्या भाऊ," विलास म्हणाला. "घामबी नाई येत याच्यात."

देवसूभाऊंनी विचारलं, "याच्यात पडलेल्या मानसाचं काय लिवलं आहे?"

"भाऊ, व्यायामाचा कोर्स आहे. याच्यात कोण पडते?"

"पडते. तू वाच."

मी शोधलं. अगदी शेवटी बारीक अक्षरात होतं, 'कोणी बेशुद्ध पडल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.'

दुसरा कोर्स हैदराबादचा, एक महिना तिथं राहून करायचा. त्याच्या माहितीपत्रावर कातडी काढलेल्या माणसाचं रंगीत चित्र होतं. लाल स्नायू, आणि पापण्या नसलेले डोळे. देवसूभाऊंनी आपला टॉवेल त्याच्यावर टाकला आणि म्हणाले, "आता वाच. पडलेल्या मानसाचं?"

"डॉक्टरला बोलवावं, असं आहे."

"डाक्टर येतवरी काय कराचं?"

ते त्यात नव्हतं. विलासनं टॉवेलचा एक कोपरा उचलून पाहिलं आणि घाईनं सोडून दिला.

तिसरा कोर्स नागपूरचा. दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये. साधा काळा-पांढरा कागद, छपाई वाकडी. व्यायाम निम्मा, आणि निम्मा प्रथमोपचार. रक्त कसं थांबवावं, हाड मोडलं तर काय बांधावं, श्वास बंद पडला तर छाती दाबून तो परत कसा आणावा. मी वाचत गेलो तसे देवसूभाऊ खाटेवरून खाली उतरले आणि माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसले.

"पुना वाच ते."

"श्वास बंद पडलेला?"

"हो. हळू वाच."

इरफानभाईंनी तो कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. "भाऊ, हे दवाखान्याचं झालं! जिममध्ये कोण मरते?"

"मराले जागा कोन पाह्यते, भाई?"

"ते खरं, पण हे भिंतीवर नाई चालणार. मुंबईवालं करा. नाई तर नागपूरचा एक पोरगा विचारून राह्यला आहे, मी त्याला बोलावतो. बुरा मत मानना."

मला फार वाईट वाटलं. खोलीवर परत आल्यावर मी त्यांना समजावलं, की सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट आधी घ्या, जागा पक्की करा, मग हवं ते शिका. शिकलेला माणूस बोलतो तसं मुद्देसूद बोलत होतो. मी अर्ध्यावर असताना त्यांनी बंद दाराकडे पाहून "ओ!" दिली. माझे उरलेले मुद्दे मी विसरलो.

पुढच्या रविवारी मी त्यांच्यासोबत नागपूरला निघालो. पहाटेची पहिली बस, खिडक्यांवर धुकं. इरफानभाईंचा तो पोरगा कामाला लागल्याचं आम्हाला आदल्या दिवशीच कळलं होतं. वरोरा मागे पडल्यावर ते एकदम सांगू लागले. माझ्याकडे न पाहता, खिडकीकडे पाहून.

"माहा तम्मूर होता एक, चैतू." तम्मूर म्हणजे धाकटा भाऊ. "चारोळीची चारं तोडाले झाडावर चढला होता, नाल्याच्या पल्याड. मी अल्याड मोहा वेचून राह्यलो होतो. तिकून आवाज आला, 'दादा'. एकच."

कोणाही शहाण्या माणसानं तेव्हा काय केलं असतं, ते मला माहीत होतं.

"हात थांबला माहा. म्हनलं, दुसरी येऊ दे. नाई आली. मंग मले बरं वाटलं. म्हनलं, हे चैतू नसन, ते दुसरंच असन. वाचलो आपन." त्यांनी खिडकीवरचं धुकं तळव्यानं पुसलं. "टोपली भरली मी. मंग गेलो."

बस एका थांब्यावर उभी राहिली, कोणी चढलं नाही, पुन्हा निघाली.

"झाडाखाली होता. आंग गरम होतं, श्वास नव्हता. तोंडात पानी टाकलं, ते गालावरून गेलं. हालवलं. आजून काय कराचं ते कोनाले मालूम? गावात म्हातारे म्हनले, बरोबर केलं तू, ओ नाई देल्ली ते. एकानंबी मले बोल नाई लावला."

शाळेच्या हॉलमध्ये पंधरा-वीस जण होते, बहुतेक जिममध्ये जाणारी तरुण मुलं. शिकवायला एक निवृत्त नर्सबाई होत्या. सतरंजीवर त्यांनी एक रबराचा माणूस ठेवला होता. कंबरेखाली काही नाही, हात नाहीत, अंगात विटका निळा शर्ट. तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटलेले. इतका झोपल्यासारखा, की सुरुवातीला कोणीच त्याच्याजवळ बसेना. मग एकानं त्याला "काका" म्हटलं आणि सगळे हसू लागले. एकेक जण जाऊन छाती दाबत होता. दाबली की आत स्प्रिंग टक वाजायची आणि छाती पुन्हा वर यायची.

देवसूभाऊंची पाळी आली. त्यांनी चपला काढल्या, गुडघ्यावर बसले आणि बाईंनी दाखवलं तसे तळहात एकावर एक ठेवले. पहिल्याच झटक्याला बाई म्हणाल्या, "वा! असं पाहिजे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "छान. पुरे."

ते थांबले नाहीत.

"कोवे, पुरे झालं. पुढच्याला येऊ द्या."

टक, टक, टक. घाम त्यांच्या हनुवटीवरून त्या निळ्या शर्टावर पडत होता. ओंडक्याखाली कधी न वाढलेला त्यांचा श्वास आता हॉलभर ऐकू येत होता. मुलांचं हसणं कधीच थांबलं होतं. प्रत्येक दाबासरशी ती छाती वर येत होती, अगदी माणसाची यावी तशी, आणि मी तिच्यावरून नजर हटवू शकत नव्हतो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नाही, पण त्यांनी आयुष्यभर दवाखान्यात काम केलं होतं. त्या साडी सावरून त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, थकलात तुम्ही. सरका. आता मी करते."

देवसूभाऊ सरकले. बाई दाबू लागल्या, लय न मोडता. देवसूभाऊंनी ते रबराचं डोकं दोन्ही हातांत धरलं, हलू नये म्हणून. बाई थकल्यावर ज्यानं "काका" म्हटलं होतं तो मुलगा न सांगता पुढे आला. त्याच्यानंतर आणखी एक. मग मी.

बऱ्याच वेळानं देवसूभाऊंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बस," ते म्हणाले. "गेला तो."

मी हात काढले. त्यांनी वर सरकलेला शर्ट नीट खाली ओढला, तोंडावरचा घाम पुसला. स्वतःचा नाही, त्याच्या तोंडावर पडलेला.