देवाची खोळ

अपर्णा देशपांडे शेवटी देवी झाली. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण अपर्णाही तसंच धरून चालली आहे.

अपर्णा मराठवाड्यातल्या जैन मूर्तींवर पीएच.डी. करते. डोंगरकड्याजवळच्या एका तांड्यावर, लिंबाखाली, तिला एक मूर्ती सापडली. मांडी घातलेली, हात मांडीत, चेहऱ्यावर हजारएक वर्षांची दुपार. तीर्थंकर, यात शंका नव्हती. कोणते, ते बैठकीवर कोरलेल्या चिन्हावरून ठरतं. बैल असला तर ऋषभनाथ, सिंह असला तर महावीर. पण तांड्याचा हा नवसाचा देव, त्यामुळे चिन्हावर वीतभर शेंदूर. आणि मार्गदर्शक व्यंकटराव सरांनी बजावून ठेवलेलं: चिन्ह नाही तर प्रकरण नाही, प्रकरण नाही तर पदवी विसरा.

"नाईक काका, थोडासा खरडू का?" तिनं तांड्याचे नाईक प्रेमसिंग यांना विचारलं.

"न्हाई बाई. शेंदराची खोळ देव आपली आपण टाकतो."

"कधी?"

"माझ्या बापाच्या लग्नात टाकली व्हती. आता टाकंलच."

अपर्णा समोर बसून वाट पाहू लागली. पारवे घुमत होते. रुईची म्हातारी हवेत तरंगत होती, तिलाही कुठं जायची घाई नव्हती. बसल्या बसल्या अपर्णाची मांडी मूर्तीसारखी झाली, हात मांडीत आले, डोळे मिटले. स्वप्नात तीर्थंकर उठले, पाय मोकळे केले आणि सौम्यपणे म्हणाले, "आधी तुमचं चिन्ह दाखवा." तिनं विद्यापीठाचं ओळखपत्र काढलं. त्याची मुदत संपलेली होती.

जाग आली तेव्हा मांडीत नारळ होता.

"हलू नका," समोर बसलेली तांड्यावरची रूपाबाई म्हणाली. "तुमी डोळे मिटले अन् माझी हरपलेली म्हैस दारात येऊन उभी राहिली."

"अहो, मी झोपले होते."

"मंग आमचा देव काय येगळं करून राहिला?"

दुसऱ्या दिवसापासून बाया येऊ लागल्या. कुणाच्या पोराचं लग्न, कुणाच्या बोअरचं पाणी. अपर्णा पेंगत "होईल" म्हणायची आणि ते होऊन जायचं. नवस फळला की तांड्याची रीत ठरलेली, देवाला शेंदूर. नारळ अपर्णाला, शेंदूर मूर्तीला. थर दीड वीत झाला. बैल असो की सिंह, तो आणखी आत जाऊन बसला.

"काका, आता मीच नवस बोलते," ती म्हणाली. "खोळ पडू दे."

प्रेमसिंग म्हणाले, "बोला की. पण पावला, तर तुमालाबी त्याला शेंदूर लावावा लागंल."

अपर्णानं नारळांच्या ढिगाला टेकून विद्यापीठाला अर्ज लिहिला: "सबब विनंती की, उक्त देव स्वेच्छेने खोळ टाकेपर्यंत प्रबंधास मुदतवाढ मिळावी, आणि तोवर त्याने कोणासही पावू नये, असे त्यास आपल्या स्तरावरून लेखी कळवावे."