लोमध्ये अडकलेली पिकअप

बद्रीनाथरावांच्या पिकअपमध्ये फोर-व्हीलचा दिवा दोन वर्षांपासून लुकलुकत होता आणि त्यांनी तितक्याच निष्ठेनं त्याच्याकडे डोळेझाक केली होती. फर्दापूरचं शेत बटईनं देऊन ते मुलाच्या पडेगावच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हापासून चारही चाकं एकदम फिरवावीत असा चिखलच कुठं राहिला नव्हता. आता तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावत नाही म्हणून पिकअप विकायचीच ठरली. सिल्लोडच्या नानासाहेबांनी फोनवर एकच अट घातली, "फोर-व्हील चालू पाह्यजे. रविवारी या, जेवायलाच या."

रविवारी सकाळी कडुबा मिस्त्रीनं डॅशबोर्डाखालून एक काळी डबी ओढून काढली.

"ह्यो तुमचा कंट्रोल मॉड्यूल, काका. चारी चाकांना हुकूम ह्योच सोडतो. पाणी गेलंय आत."

"नवा टाक मग."

"नव्याला पंधरा दिवस. भंगारातल्या गाडीचा हाय माझ्याकडं. एकदम ओरिजनल!"

ओरिजनल डबी बसली, दिवा विझला. बद्रीनाथरावांनी मोठ्या ऐटीत बटण 'लो'वर, म्हणजे चिखलातल्या हळू पण जोरदार गिअरवर, फिरवलं. गाडीच्या पोटात खट्ट झालं. कडुबानं टाळी वाजवली. मग त्यांनी बटण परत फिरवलं. काहीच झालं नाही. कडुबानं डबीला स्क्रू-ड्रायव्हरची मूठ हाणून पाहिली, बॅटरी काढून परत लावली. गाडी लोमध्ये ती लोमध्येच.

"कॉम्प्युटर लावून रिसेट करावा लागंल. पर कॉम्प्युटरवाला आज सासुरवाडीला गेलाय."

"मग सिल्लोडला कसं जायाचं?"

"जाईल की! वीसच्या वर पळवू नका, आन् वळणावर जरा दमानं."

तोवर द्वारकाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून शेजारी येऊन बसल्याही होत्या. दुसऱ्याच्या घरचं जेवण थांबलेलं, नाही म्हणायची सोय नव्हती.

हर्सूलच्या चौकात वळताना चारही टायर असे कण्हले, की वाहतूक पोलिसानं तोंडातली शिट्टी काढली आणि बाकीची गर्दी अडवून त्यांना आधी वाट दिली. जळगाव रोडला मक्यानं भरलेला ट्रॅक्टर पुढं निघून गेला. ट्रॅक्टरवाल्यानं वळून विचारलं, "काका, टोचन लावून ओढू का?"

बद्रीनाथरावांनी मान ताठ ठेवली. इंजिन मात्र ओरडत होतं शंभरानं पळाल्यासारखं.

फुलंब्रीला गाडी तापली. ती निवेपर्यंत दोघं टपरीवर चहा पीत बसले.

"अवो," द्वारकाबाई म्हणाल्या, "शेजारच्या दगडाबाईच्या सुनेला बाळंतपणाला न्हेलं व्हतं, तवा बी असंच चाललो व्हतो न्हाय का?"

बद्रीनाथरावांना तो पूर आठवला. ओढ्याचं पाणी गाडीच्या दारापर्यंत, मागं सून कळा देतेय आणि द्वारकाबाई तिच्यावर छत्री धरून ओरडताहेत, 'जरा हळू!' त्या दिवशीही गाडी लोमध्येच होती.

"तवा तू मला लई शिव्या दिल्या."

"देनारच. छत्री उलटी झाली व्हती."

दोघंही खूप दिवसांनी पोटभर हसले. पुढचा रस्ता मग बोलण्यातच सरला. कोणत्या विहिरीवर बैल बुजले होते, कुठं लग्नाचं वऱ्हाड चुकलं होतं, सगळं निघालं. वीस वर्षं हा रस्ता नुसता सपासप मागं पडला होता.

एकच्या जेवणाला ते तीन वाजता पोचले. बद्रीनाथरावांनी उतरताच सांगून टाकलं, "नानासाहेब, खोटं बोलनार नाय. लोला टाकली, ती निघंना झालीय. मिस्त्री रिपेर करून देनारय."

नानासाहेबांनी गाडी थेट पाणी सोडलेल्या मोकळ्या वावरात घातली. निम्मी चाकं बुडाली, तरी ती म्हशीसारखी शांतपणे पलीकडं निघाली.

"पळतच नाय म्हन्ता?"

"नाय."

"मंग लई झ्याक! पोरगं माझं शंभरानं हानतं. दोन गाड्या नाल्यात घातल्या त्यानं. मला हीच पाह्यजे. अन् त्या मिस्त्रीला म्हनावं, रिपेरीला येऊ नको!"

किल्ली देताना बद्रीनाथराव उगाच आरसा नीट करत राहिले. द्वारकाबाईंनी पदरानं डॅशबोर्ड पुसला, मग खाली उतरल्या.

परतीला एसटी मिळाली. ड्रायव्हर घाईत होता. खिडकीबाहेर झाडं, विहिरी, टपऱ्या कशा आल्या न् कशा गेल्या, कळलंच नाही. दीड तासात शहर आलं. स्टँडवर पिशवी घेऊन बद्रीनाथराव उतरले, पण द्वारकाबाई आपल्या जागेवर तशाच.

"अगं, उतर की. आलं."

"एवढ्यात?" द्वारकाबाई म्हणाल्या. "माझं तर अजून फुलंब्रीपर्यंतचंच सांगून झालंय."