बॉबिनचे पंचवीस किलो

टेलरमास्तरांनी शब्द दिला तेव्हा त्यांच्या तोंडात चार टाचण्या होत्या, म्हणून तो त्यांनी नुसता मानेनंच दिला.

दुकानातल्या आरशासमोर, कोटाची एक बाही वर करून, बाई उभ्या होत्या. बाईंनी त्यांना शाळेत गणित शिकवलं होतं. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण त्यांना नाही म्हणायची मास्तरांची अजून छाती नव्हती. बाईंच्या म्हाताऱ्या कुत्रीच्या पोटात गाठ झाली होती. तीन आठवड्यांनी ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी दुसऱ्या एखाद्या धडधाकट कुत्र्याचं रक्त हाताशी ठेवायला सांगितलं होतं.

"तुझा बॉबिन देईल का रे?" बाईंनी विचारलं. "तिच्याशिवाय मला घर खायला उठेल."

मास्तरांनी मान हलवली. मशीनखाली झोपलेल्या बॉबिनला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बॉबिनला काट्यावर उभं केलं. "स्वभाव छान आहे, वय योग्य आहे. पण हा भरतोय बावीस किलो. रक्त द्यायला पंचवीस तरी लागतात."

"तीनच किलो ना? भरून काढतो," मास्तर म्हणाले.

"बळंबळं खायला घालू नका हं. दुसरं कुत्रंही शोधून ठेवा."

मास्तरांनी दोन्ही कामं अंगावर घेतली. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं, की टेप त्याच्या छातीभोवती आवळून ते सुरू करायचे, "कुत्रं आहे घरी? मोठं? मग रक्त द्यायला न्या की! दहा-पंधरा मिनिटांचं काम. एक जीव वाचतो!" टेपमधून सुटका होईपर्यंत गिऱ्हाईक हो म्हणायचं आणि मग पुन्हा त्या रस्त्याला फिरकायचं नाही. एकट्या बेकरीवाल्यानं तोंडावर नकार दिला. त्याचं कुत्रं वासराएवढं होतं.

"त्याला सुई? अहो, आंघोळीची बादली दिसली तरी तो कपाटात शिरतो! माझी पँट कधी देताय ते सांगा."

"देतो हो. आधी बॉबिनचं बघू द्या."

बॉबिनचं बघणं सोपं नव्हतं. त्याला एकट्यानं जेवायची सवय नव्हती. अंडी ठेवली, की तो हुंगायचा आणि मास्तरांकडे बघत बसायचा. मास्तरांनी एक अंडं खाल्लं, की तो अर्धं खायचा. दूध, उकडलेली कोंबडी, लोणी लावलेला पाव, सगळ्याला हाच नियम. बाईंच्या कुत्रीसाठी मास्तर दिवसातून चार वेळा जेवू लागले.

वजनाचीही अडचण होती. घरच्या काट्यावर बॉबिनचे दोनच पाय मावत. मग मास्तरांनी पहिल्याच दिवशी स्वतःचं वजन केलं, भिंतीवर खडूनं ७१ लिहिलं, आणि दर रविवारी बॉबिनला कडेवर घेऊन काट्यावर चढू लागले. आलेल्या आकड्यातून एकाहत्तर वजा. बाईंनी शिकवलेली वजाबाकी होती, ती चुकणार कशी? तेवीस झाले, चोवीस झाले. तिसऱ्या रविवारी काटा साडेशहाण्णववर गेला.

"साडेपंचवीस!" मास्तर ओरडले. "अगं ऐकलंस का? आता दुसरं कुत्रं शोधायला नको!"

त्यांची बायको काजं करत होती. तिनं काट्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि दोरा दातानं तोडला.

ऑपरेशनच्या दिवशी दुकान बंद. दारावर पाटी लागली, 'रक्तदानास गेलो आहोत.' दवाखान्यात बाई कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बॉबिन काट्यावर चढला.

"एकवीस किलो आठशे," डॉक्टर म्हणाल्या. "उलट उतरलाय."

"काटा बिघडलाय तुमचा! घरी साडेशहाण्णव वजा एकाहत्तर..."

"एकाहत्तर कुणाचे?"

"माझे."

"कधीचे?"

डॉक्टरांनी काट्याकडे बोट केलं. मास्तर चढले. चौऱ्याहत्तर किलो सातशे.

"वजाबाकी बरोबर आहे तुझी," बाई हळूच म्हणाल्या. "आकडा शिळा होता." आणि त्या कुत्रीला थोपटत राहिल्या. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात दार धाडकन उघडलं. मागून फाटलेल्या पँटवर हात धरून बेकरीवाला उभा, आणि दोरीला ते वासरू.

"कुत्र्याला फिरवताना पाटी वाचली, तसाच आलो! दुपारी मुलीच्या कॉलेजात बक्षीस समारंभ आहे. माझी पँट कुठंय?"

पँट शेजारी बसलेल्या बायकोच्या पिशवीत होती. बटणं तेवढी राहिली होती. मास्तरांनी ती छातीशी घट्ट धरली.

"आत्ता लावून देतो. तोवर तुमच्या कुत्र्याला काट्यावर उभं करा."

"हा अन्याय आहे!"

"आहे," मास्तर म्हणाले. "पण ती बघा."

बेकरीवाल्यानं बाईंच्या मांडीवरचं कुत्रीचं पांढरं झालेलं तोंड पाहिलं आणि दोरी सोडली. कुत्रं भरलं एकेचाळीस किलो. रक्ताची तपासणीही जुळली. सुई टोचताना ते कंपाउंडरच्या मांडीवर हनुवटी टेकून घोरायला लागलं. बेकरीवाला मात्र कपाटाच्या आडोशाला डोळे मिटून उभा होता.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या. गाठ निघाली होती, कुत्रीनं शेपूट हलवली होती. बाई रडल्या, बेकरीवाल्याच्या नव्या पँटच्या खिशातला रुमाल घेऊन रडल्या. समारंभ आटोपून तो धापा टाकत परत आला होता.

मास्तरांचं मन मात्र अजून काट्यावरच होतं. "पावणेचार किलो वाढलो, तर पँट घट्ट कशी नाही झाली? मी टेलर आहे, मला कळलं नसतं?"

बायको पिशवीत सुईदोरा ठेवत राहिली.

कंपाउंडरनं रक्त देणाऱ्यासाठी कोंबडी-भाताचा वाडगा आणला आणि बिचाऱ्या बॉबिनलाही एक दिला. बॉबिननं वाडगा हुंगला आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचा हात सवयीनं पुढे गेला.

"जरा जपून," बायको म्हणाली. "दर रविवारी तुम्ही झोपलात की तुमच्या पँटची शिवण उसवून सैल करतेय. आता आत अर्धाच इंच कापड उरलंय."