आप्पांची वस्ती

शेवटच्या साध्या दिवशीही आप्पांनी जेवणाच्या टेबलावर बाटल्यांच्या बुचांची पिशवी रिकामी केली आणि पंकजाने नेहमीसारखं आपलं ताट उचलून सोफ्यावर नेलं.

"धुतलीत गं," आप्पा म्हणाले.

"कुठे जायची आहेत ते माहीत आहे मला."

श्रीगोंद्यातल्या त्यांच्या सोसायटीची सांडपाण्याची टाकी एका इमारतीपुरती बांधलेली. शेजारी दुसरी इमारत उभी राहिली, माणसं दुप्पट झाली, पण टाकी वाढवायला जागा उरली नाही. तिथे चेअरमन वाल्मिकरावांची गाडी उभी असे. साखर कारखान्याच्या सांडपाणी विभागातून निवृत्त झालेल्या आप्पांनी, म्हणजे गहिनीनाथरावांनी, तोड काढली. घाण खाणारे जिवाणू बुचांना चिकटून वाढतात. म्हणून टाकीत बुचं सोडायची आणि खालून पंपाने हवा द्यायची. "टाकी तेवढीच, आतली वस्ती वाढली," असं ते नव्या भाडेकरूंनाही अडवून सांगत. संध्याकाळी टाकीवरून परतले की दारातूनच विचारत, "पंकजा, वास येतो का?"

त्यांची मुलगी पंकजा कॉलेजात ग्रंथपाल. पुस्तकातून डोकं न काढता ती म्हणे, "येतो."

त्याही संध्याकाळी ती तेच म्हणाली. आप्पा हिरमुसले, आणखी मूठभर बुचांना भोकं पाडून ठेवली आणि झोपले. सकाळी चहा गार झाला तरी उठले नाहीत.

तेराव्याला टाकीसमोर, दोन इमारतींच्या मधल्या वाटेवर मांडव पडला. बेलापूरहून आलेल्या पुष्पावती आत्याने फिनेलने घर धुतलं, जिना धुतला आणि उरलेले दोन कॅन घेऊन ती टाकीपाशी थांबली. भावाच्या तेराव्याला कुणी नाकाला पदर लावायला नको, म्हणून तिने दोन्ही कॅन आत ओतले.

खालून हवा चालूच होती. दुसरी पंगत बसेपर्यंत टाकीतून दुधासारखा फेस उतू आला आणि फेसावर स्वार होऊन बुचं निघाली. लाल, निळी, सोनेरी. पत्रावळींच्या रांगेतून ती शिस्तीत पुढे सरकली. एक राधाकृष्णकाकांच्या मांडीशी थांबलं. आप्पांच्या या चुलतभावाने ते उचलून वाचलं. मग दुसरं वाचलं.

"आरं, ही तर दारूची हायेत! गहिनीनाथ माळकरी ना? मग येवढी?"

"बायपासच्या ढाब्यावरून गोळा करायचे ते, काका. टाकीसाठी," पंकजा म्हणाली.

"व्हय, म्या पायलंय त्याला तितनं पिशवी घेऊन निघताना," काका खिन्नपणे म्हणाले. "मला वाटलं, अंडी आनली आसतील."

फेस थांबवायला वाल्मिकरावांनी हवेचा पंपच बंद केला. फेस बसला खरा. पण फिनेलने अर्धी वस्ती मेली होती, उरलेलीचाही आता श्वास कोंडला. उन्हं कलली तसा वास सुटला, असा की बुंदी पानातच टाकून मंडळी उठली.

"उद्या ही बुचं भंगारात घालतो," गाडी काढता काढता वाल्मिकराव म्हणाले. "आप्पा होते म्हणून चालवून घेतलं."

"बुचं कुठेही जाणार नाहीत," पंकजा म्हणाली आणि तिने पंप सुरू केला.

मग नवी वस्ती धरावी म्हणून तिने शेण कालवलं, त्यात गूळ घातला आणि आप्पा ओतत तसं बेताबेताने टाकीत ओतलं. मांडवात आत्या गुडघ्यांवर बसून बुचं वेचत होती.

"दादाचं केलेलं समदं मातीत घातलं गं म्या. मला काय ठावं, त्यात जितं काय हाय!"

"थोडे दिवस लागतील, आत्या. जिवाणू परत धरतील."

दोघी बुचं धुऊन टाकीत सोडत राहिल्या. बऱ्याच वेळाने आत्याने भीतभीत विचारलं, "पंकजा, वास येतो का गं आजून?"

पंकजाचा हात बादलीतच थांबला. येत होता, डोळ्यांतून पाणी काढेल इतका येत होता. तिने नाकावरचा रुमाल सोडला आणि टाकीकडे तोंड करून म्हणाली,

"आता येतोय. तेव्हा येत नव्हता, आप्पा. एकदाही आला नाही."