विमानाचा ताप पाहणारे दादाराव

दादाराव कुणाला नमस्कार करत नसत. समोर आलेल्या माणसाच्या कपाळाला ते थेट उलटा हात लावत. "ताप न्हाई. बोला," असं म्हणून झालं की मगच बोलणं सुरू होई. आमच्या फवारणी कंपनीचे मॅनेजर पहिल्यांदा आष्टीच्या तळावर आले, तेव्हा त्यांच्याही कपाळाला हात लागला. वर "जरा गरम हाय, उन्हात फिरू नका" असा सल्लाही मिळाला. मॅनेजर तो प्रसंग पुढे कधी विसरले नाहीत.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कपाशीवर औषध फवारणारं आमचं विमान युद्धाच्या काळातलं, म्हातारं. मी त्याचा वैमानिक आणि दादाराव मेकॅनिक. पावसाळा आला की आष्टीबाहेरच्या माळावर आमचा तळ पडे. दादाराव बदनापूरचे. इंजिनाचं काम फौजेत शिकलेले. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. विमानाच्या पंखाखालीच बाज टाकून झोपायचे. सकाळी पहिला हात इंजिनाला, दुसरा माझ्या कपाळाला. त्यांनी मान हलवल्याशिवाय मला विमानात चढता येत नसे, हे मी घरी कधी सांगितलं नाही.

त्यांचा खरा राग हारांवर. गावातली भाबडी माणसं विमानाला ओवाळायला आली की हे पाना घेऊन आडवे उभे. "छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून म्या नारळ फोडला न्हाई, हितं बी फुटनार न्हाई. इंजनाला हार नगं, हवा पायजे!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी उडालो आणि तेलाच्या तापमानाचा काटा चढायला लागला. चढत चढत लाल रेघेला टेकला. मी मुकाट्याने खाली उतरलो. मॅनेजर धावत आले. "काटा जुना झालाय हो! उडवा तुम्ही, शेतकरी खोळंबलेत."

आम्ही बाभळीच्या शेंड्याला घासत उडायचो. तिथं इंजिन अडकलं तर देवाचं नाव घ्यायलाही सवड नाही. दादारावांनी इंजिनाला हात लावला. "खरा ताप हाय, साब."

"हाताला काय कळतं?" मॅनेजर म्हणाले.

दादारावांनी तेलाची पातळी पाहिली, ती बरोबर होती. मग काट्याच्या नळीचं टोक इंजिनातून सोडवलं आणि चुलीवर मॅनेजरांच्या चहासाठी ठेवलेल्या उकळत्या पाण्यात बुडवलं. काटा बरोबर शंभराशी जाऊन थांबला. "उकळतं पानी खोटं बोलत न्हाई. काटा शहाणा हाय." मग त्याच पाण्यात पत्ती टाकून त्यांनी मॅनेजरांना चहा दिला. मॅनेजर तो पीत तंबूत जाऊन बसले. चव वेगळी आहे, एवढंच म्हणाले.

आता उरली ती तेल थंड करणारी जाळी. इंजिनाच्या पुढच्या तोंडातून येणारा वारा तिच्यातून जातो. दादारावांनी त्या तोंडात हात घातला आणि तसेच थबकले. हात बाहेर आला तो मूठ आवळून. माझ्यापुढे येऊन त्यांनी मूठ उघडली. आत तेलानं काळाठिक्कर पडलेला लोकरीचा गोंडा होता. पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधतात तसला.

"कोणी घातला हा?" मी गावाकडे बघून ओरडलो.

"गावाला बोलू नका, साब. म्या बांधल्ता."

मी गोंड्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"काल सारी जनावरं नटून मिरवून राह्यली होती. हे एकलंच बोडकं उभं. बघवलं न्हाई. मंग आतून बांधला, म्हंजी कुनाला दिसनार न्हाई. दोरा सुटला असंल, वाऱ्यानं जाळीवर चिकटला." त्यांनी गोंडा माझ्या हातात ठेवला. "मेला असता तुम्ही. माझ्या हातानं."

मी चिडायला हवं होतं. पण ती मूठ त्यांनी खिशात घातली असती, "धूळ होती" म्हणाले असते, तर मला जन्मात कळलं नसतं. ज्याचा जीव जाणार होता त्याच्यापुढेच ती त्यांनी उघडली. अशा माणसाच्या भरवशावर मी रोज उडत होतो, याबद्दल मला त्या क्षणी फार कृतज्ञ वाटलं. आजही वाटतं.

मी त्यांच्या कपाळाला उलटा हात लावला. "ताप न्हाई. बोला."

दादाराव हसले आणि बाहीनं डोळे पुसू लागले. "मॅनेजरसाबला काय सांगायचं?"

"जाळीत कचरा होता म्हणून सांगतो."

"कचरा नगा म्हनू त्याला," ते दुखावून म्हणाले.

इंजिन सुरू करून पाहिलं. काटा जागेवर राहिला. मग मी तो गोंडा रॉकेलात धुतला आणि विमानाच्या शेपटीला बांधला, तिथं वारा अडायची भीती नव्हती. दादारावांनी गाठ ओढून पाहिली. "बराबर."

त्या हंगामात मी कपाशीवरून उडायचो तेव्हा मागे तो गोंडा फडफडत असे. माझ्या जागेवरून तो कधी दिसला नाही. खाली माळावर कपाळावर आडवा हात धरून वर बघत उभे असलेल्या दादारावांना दिसत असे.