माल्सुनची शीळ

"उद्यापासून तू आजीबाईंच्या पाण्यात," शेकोटीत लाकूड सारत गिल्जाने जाहीर केलं आणि माल्सुनच्या हातातलं रताळं हातातच राहिलं.

आजीबाईंचं पाणी म्हणजे कोरियातल्या जेजू बेटाच्या त्या किनाऱ्यालगतचं, छातीएवढं, थकलेल्या पाणबुड्या बायकांसाठी राखलेलं. माल्सुन एकाहत्तरची होती, पण गेली त्रेपन्न वर्षं ती काळ्या खडकापलीकडे, खोल पाण्यात शंख-शिंपल्यांसाठी बुडी मारत आली होती. तिथून तिला काढणं म्हणजे जिवंतपणीच तिचं श्राद्ध घालणं होतं.

"का म्हणून?"

"दम राहिला नाही तुझा. काल तासाभरात तुझ्या शिळा मोजल्या मी. सत्तेचाळीस!" गिल्जा सगळ्या पाणबुड्यांची म्होरकी होती, त्यामुळे तिचं मोजणं म्हणजे निकालच.

पाण्याबाहेर डोकं काढलं की कोंडलेला श्वास शिळेसारखा सुटतो आणि प्रत्येकीची शीळ निराळी असते. दम जितका तोकडा, तितक्या शिळा जास्त. माल्सुनची खालच्या सुरात निघून शेवटी टणकन वर उडायची. ती ओळखण्यात गावातलं शेंबडं पोरही चुकलं नसतं.

"मी पंचवीस वेळासुद्धा वर आले नाही! कान तपासून घे आधी!"

"माझ्या कानांना काय धाड भरलीय?"

दुसऱ्या दिवशी माल्सुन हट्टाने खोल पाण्यात गेली आणि शीळ गिळून, नुसताच श्वास सोडत राहिली. तरी तिची शीळ वाजली! तिने गर्रकन मान वळवली. पाठीवरचा पंख फाटलेला एक डॉल्फिन डोक्यावरचं भोक उघडून, अगदी तिच्याच ढंगात शीळ घालत होता.

"चोरा! पोटाखालून जा, पोटाखालून!" ती ओरडली. डॉल्फिनांना वाटेतून हटवायला तिथल्या बायका हेच ओरडतात. तो गुणी बाळासारखा तिच्या पोटाखालून गेला, पाठीमागे वर आला आणि त्याने लागोपाठ चार शिळा घातल्या.

बाकीच्यांना वाटलं, म्हातारीला धाप लागली. दोघींनी तिला ती पाण्यावर टेकायची त्या नारिंगी तरंग्याला धरून फरफटत किनाऱ्यावर आणलं.

"अगं सोडा, डॉल्फिन करतोय ते!"

बायका खो खो हसल्या. त्यांच्यातली योंगनिम तेवढी हसली नाही. तिचा जावई डॉल्फिन मोजायच्या नोकरीत होता. "करतही असेल बाई. जावई सांगतो, त्यांच्यात ज्याची त्याची शीळ असते, तेच नाव. कुणाला हाक मारायची तर त्याची शीळ काढायची. वीस वीस वर्षं विसरत नाहीत म्हणे."

"म्हणजे डॉल्फिन हिला नावाने हाका मारतोय?" गिल्जा म्हणाली. "माल्सुन, वय झालं तर कबूल करावं. मुक्या जनावरावर आळ घेऊ नये."

"मुकं? ते मुकं?" माल्सुनने तरंगा खडकावर आपटला. पण म्होरकीचा शब्द दुसऱ्यांदा मोडायची तिथे रीत नव्हती.

चार दिवस ती आजीबाईंच्या पाण्यात धुमसत शेवाळ उपटत राहिली. पाचव्या दिवशी मागून पाण्यात पाय ओढल्याचा आवाज आला. तरंगा काखेत मारून गिल्जा उभी होती.

"सरक जरा."

"तू? इथे?"

"काल माझ्या शिळा मोजल्या भवान्यांनी. साठ!" गिल्जा दातओठ खात म्हणाली. "मेला तो फाटक्या पंखाचा! आता माझी शीळ काढतोय. तुझं खरं होतं गं. सगळ्यांसमोर सांगते आणि उद्यापासून दोघी परत खोल पाण्यात. झालं समाधान?"

आता माल्सुनने हसायला हवं होतं. पण तिचा चेहरा लालबुंद झाला.

"तुझी शीळ? आणि माझी?"

"तुझी कुठली? तुझी सोडली त्याने."

"सोडली? वीस वर्षं विसरत नाहीत म्हणे, आणि इथे चार दिवस दिसले नाही तर..."

वाक्य अर्धंच टाकून माल्सुन तरंगा ढकलत थेट काळ्या खडकापलीकडे निघाली. तिथे पोचताच तिने छाती भरून शीळ घातली आणि कान देऊन थांबली. समुद्र गप्प होता. तिने पुन्हा घातली. मग आणखी एक, जीव तोडून.

किनाऱ्याकडून गिल्जाची हाक आली, "माल्सुन! अर्ध्या मिनिटात तीन झाल्या गं!"