रुंद फळीची दुफळी

श्री. ज्याचे इच्छेने बर्फ पडते आणि ज्याचे इच्छेने कड्यावरचे बर्फ कड्यावरच राहते, त्या कुलस्वामीस दंडवत करोन ही हकिकत लिहितो. शके सोळाशे एकोणऐंशी, ईश्वरनाम संवत्सरे, पौष मासी, डोंगरातील एका राज्यात मोठा प्रसंग गुदरला. राज्याचे नाव सांगत नाही. सांगितले तर तेथील मंडळी आजही लिहिणाराचे दारी भांडावयास येतील. त्या राज्यात हिवाळा लागला की घोडा चालत नसे. मग राव असो वा रयत, पायांस लांब लाकडी फळ्या बांधाव्या, हाती काठ्या घ्याव्या आणि उतारावरोन घसरत जावे, अशी तेथील चाल. फळी पावलाइतकीच अरुंद असावी ही मूळपुरुषाची आज्ञा. परंतु मूळपुरुष फिरले ते मळवाटेवर, रयतेने तुडवोन टणक केलेल्या बर्फावर; तेथे अरुंद फळीची धार चावते आणि स्वार ताटाएवढ्या जागेत वळतो. कोऱ्या भुसभुशीत बर्फात काय होते हे त्यांनी पाहिले नव्हते, आणि जे पाहावयास गेले ते सांगावयास परत आले नाहीत.

फळीपथकाचे सरदार सुभानराव. छाती भरदार, मिशा भरघोस, आणि दरबारात शौर्याची मोठी वाहवा. परंतु खरे सांगावयाचे तर कोऱ्या बर्फास ते फार भीत. पूर्वी त्यांचे डोळ्यांदेखत एक स्वार मळवाटेवरोन जरासा बाजूस गेला, आणि कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, मग पागोट्यापर्यंत खाली गेला, आणि वरती बर्फ पुन्हा सारखे जाहले, जसे काही घडलेच नाही. तेव्हापासोन रावांची झोप उडाली. मग त्यांनी गुपचूप सुताराकडोन वीतभर रुंद फळ्यांची जोडी करविली, पुढची टोके होडीसारखी उचललेली, आणि तबेल्यामागे कोणी नसता ती बांधोन कोऱ्या बर्फात सराव करीत आणि पुन्हा गवताखाली लपवीत. उघड बोलण्याची सोय नव्हती, कारण रुंद फळी ती भित्र्याची फळी असा दरबारी समज. त्यात त्यांचे मेव्हणे निळोजी, अरुंद फळीवर साऱ्या राज्यात अव्वल आणि जिभेने त्याहून, कोठे रुंद फळी दिसली की म्हणत, "पंगत बसायची आहे काय? पाट कोणी मांडले?" मग सारे हसत, आणि सुभानरावही हसत, आणि रात्री जाऊन आपल्या फळ्यांवर आणखी गवत टाकीत.

त्या पौषात बर्फ असे पडले की पल्याडच्या खोऱ्यातील ठाण्याकडे जाणारी मळवाट पार बुजली. ठाण्यावर सुभानरावांची एकुलती लेक सगुणाबाई नांदत होती. जावई तेथील ठाणेदार. एके सकाळी बुरजावरोन दुर्बीण लाविली तो ठाण्याचे माथ्यावरील बर्फात निळी चीर दिसली. खालोन ती दिसावयाची नव्हती. कड्याचे पोट मध्ये आड येई. इशाऱ्याची तोफ डागावी तर आवाजानेच कडा खाली यावयाचा, आणि धूर करावा तर धुके. मग ठाणे खाली करा हे सांगावयास कोणी तरी कोऱ्या बर्फातोन जावे, याखेरीज इलाज नव्हता.

मग दरबार भरला, आणि भरला तो उठेच ना. प्रधानपंत म्हणाले की कोऱ्या बर्फात रुंद फळीच तरते, सबब रुंद द्यावी. सेनापती मांडी ठोकोन म्हणाले की आज रुंद दिली तर उद्या मूळपुरुषाची आज्ञा कोण मानील, आणि मळवाट लागली म्हणजे रुंद फळी वळता वळता स्वाराचे गुडघे खाते. मग अर्धा दरबार रुंद फळीचा जाहला आणि अर्धा अरुंद फळीचा, आणि सोयरे सोयऱ्यांशी बोलेनासे जाहले. सुभानराव रोज सकाळी बुरजावर जात आणि दुर्बिणीस डोळा लावीत. चीर आधी केसाएवढी होती, मग दोरीएवढी जाहली, मग तीत सावली दिसो लागली. मग दरबारात येऊन ते खाली मान घालोन बसत. रुंद फळी पाहिजे, ती मजपाशी आहे, आणि मज तीवर चालता येते, एवढे बोलावयाचे होते. ते त्यांचे मुखातोन निघाले नाही.

अखेर महाराज कंटाळले. त्यांस प्रधानही पाहिजे होते आणि सेनापतीही. मग आज्ञा जाहली की दोन स्वार जावे, लेक ठाण्यावर म्हणोन रुंद फळीकडोन सुभानराव आणि अरुंद फळीकडोन निळोजी. आणि प्रत्येकाने उजवे पायी अरुंद बांधावी, डावे पायी रुंद, म्हणजे दोहींचा मान राहिला. उभय पक्षांनी वाहवा केली आणि विडे वाटले. निळोजी त्या दिवशी हसले नाहीत. सुभानरावांचे मनात आले की गवताखालची जोडी पाठीस बांधोन न्यावी. कोणी हात धरला नसता. परंतु वाजंत्री वाजत होती, लोक पाहत होते, आणि लाजेपायी त्यांनी ती नेली नाही.

खिंड ओलांडोन ते कोऱ्या उतारावर आले आणि आज्ञेचा गुण दिसो लागला. डावा पाय बर्फावर तरंगे, उजवा खाली जाई. मग अंग उजवीकडे कलंडे आणि स्वार आपल्याच भोवती फिरे. पडावे, काठीने चाचपावे तो काठीस तळ लागो नये, आणि उठताना आणखी बुडावे. वरोन एकदा घुसमटल्यासारखा आवाज आला आणि दोघेही श्वास धरोन थांबले. सुभानरावांस तो पागोट्यापर्यंत गेलेला स्वार दिसो लागला. बर्फ कमरेस लागले, खाली ठाण्याचा धूर दिसत होता, आणि पुढे सरकता येत नव्हते. तेव्हा निळोजी वाकले आणि आपले डाव्या पायाची रुंद फळी सोडो लागले.

"दाजी, हा घ्या दुसरा पाट," ते म्हणाले. "तबेल्यामागे तुम्ही काय करता ते मला ठाऊक आहे. कोणापाशी बोललो नाही. मी यावर कधी उभा राहिलो नाही, मी गेलो तर ठाण्यापर्यंत पोचणार नाही."

सुभानरावांस प्रथम काय वाटले? सुटलो, असे वाटले. मग त्या वाटण्याची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आले, आणि ते विचारो लागले की तुमचे काय. निळोजींनी त्यांची अरुंद फळी आपले पायी बांधोन घेतली होती.

"सगुणीचे लग्नात मामा म्हणोन तिचे पाठीशी उभा होतो," ते म्हणाले. "येथेही उभा राहतो. तुम्ही चला."

मग सुभानराव दोन्ही रुंद फळ्यांवर निघाले, आणि बर्फाने त्यांस धरिले नाही. भय तसेच होते, परंतु पाय चालत होते. ठाण्यावर पोचताच त्यांनी लेकरे, म्हातारी, शिपाई, सारी गोठलेल्या नदीचे पात्रातोन खाली काढिली. सगुणाबाईने विचारले, "मामा कोठे?" तेव्हा मागे आहेत एवढेच ते बोलिले, आणि ठाण्यातील ओझेवाल्यांची रुंद जोडी निळोजींसाठी पाठीस बांधोन उलट चढो लागले. थोडे चढोन एका खडकाचे आडोशास आले तो कडा सुटला. आवाज आधी आला नाही. आधी वारा आला. ठाणे नाहीसे जाहले आणि तो उतारही पांढरा सारखा जाहला. सुभानराव तेथे हाका मारीत फिरले, आणि उत्तर आले नाही.

चैत्रात बर्फ उतरले तेव्हा निळोजी सापडले. अरुंद फळ्या पायी, काठ्यांवर भार टाकोन उभे, आणि तोंड ठाण्याकडे. इकडे दरबारात सेनापती म्हणाले की आमचे स्वाराने अखेरपर्यंत अरुंद फळी सोडिली नाही, आणि प्रधानपंत म्हणाले की ठाण्यावरील माणसे वाचविली ती रुंद फळीने. आणि महाराजांनी आपलीच आज्ञा फळास आली असे समजोन एक रुंद एक अरुंद हीच राजमान्य ठरवावयाचे मनात आणिले. तेव्हा सुभानराव दोन्ही रुंद फळ्या पायांस बांधोन, खडखडत, भर दरबारात आले. मागोन कोणी तरी सवयीने पुटपुटला की पाट आले. काही हसले.

सुभानराव वळले आणि म्हणाले, "होय, पाटच आहेत. सगुणीचे मामाने मांडले."

मग कोणी हसले नाही, आणि महाराजांची आज्ञा कागदावर उतरली नाही.

येणेप्रमाणे जैसे ऐकिले तैसे लिहिले. दुफळी त्या राज्यात अद्याप आहे आणि दरबार अद्याप भरतो. परंतु कोणी कोऱ्या बर्फात निघाला, मग तो कोणत्याही फळीचा असो, की घरची माणसे दारात येऊन त्यास विचारितात, पाट घेतले ना, दोन्ही घेतले ना. आणि तो होय म्हणाल्याखेरीज त्यास उंबरा ओलांडू देत नाहीत.